हळदीची पंचवीस, कुंकवाची पंचवीस

व्हरांड्याच्या छताला ती लोखंडी कडी अजून आहे. गंजली आहे, तिच्याभोवतीच्या चुन्याचे पोपडे निघाले आहेत, पण आहे. क्वार्टर रिकामं. दाराला कुलूप, खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा. मी पायरीवर उभी राहून मान वर करून त्या कडीकडे इतका वेळ पाहत होते की गेटपासून माझ्यासोबत आलेल्या चौकीदाराला राहवलं नाही. "दीदी, वहाँ क्या है?" त्याने विचारलं. "भैया, यहाँ पालक टँगती थी," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. या वयाच्या बाईला जास्त छेडू नये, असं त्याला वाटलं असणार.

खरं सांगायचं तर मी फॅक्टरीच्या इस्टेटीत, आमच्या जुन्या वसाहतीत, आठवणी काढायला गेले नव्हते. मी घरातून पळून आले होते. जबलपूरला येऊन मला चार दिवस झाले होते. आईला कायमची पुण्याला न्यायला आले होते, दोन तिकिटं काढून. आई त्र्याऐंशीची. तिच्यासोबत राहते माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, एकोणऐंशीची. बाबा गेल्यापासून घरात दोघीच. एकीला उचलून न्यायचं तर दुसरीचं काय, हा प्रश्न मी पुण्यात बसून सोडवून टाकला होता. आत्याने नागपूरला माझ्या चुलतभावाकडे जायचं. भाऊ चांगला आहे, त्याची बायको चांगली आहे, इमारतीला लिफ्ट आहे. पुण्यात बसलं की सगळंच सोपं वाटतं.

इथे आल्यावर पाहते तो काय, सकाळी चहापासून दोघी सुरू. आलं किसायचं की ठेचायचं. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा. दुधवाल्याला काल पैसे कोणी दिले, पेपर आधी कोणी उघडला. "कुमुदताई, तुम्ही काहून मध्ये बोलून राहिल्या?" "वहिनी, मी तर बोलूनच नाही राहिली, तुम्हीच ऐकून राहिल्या." चौथ्या दिवशी माझं डोकं भणभणलं. म्हटलं, जरा चक्कर मारून येते. ऑटोवाल्याने विचारलं कुठे, तर तोंडातून जुन्या क्वार्टरचा पत्ता निघाला. कित्येक वर्षांत तो कधी बोलले नव्हते, पण जीभ अडखळली नाही.

आत्या आमच्याकडे आली तेव्हा मी पाचवीत होते. आधी तिची निळी ट्रंक आली, मागून ती आली. का आली, किती दिवसांसाठी आली, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या घरी मुलांनी असलं काही विचारायची पद्धत नव्हती. ट्रंक आईच्या खाटेखाली सरकवली गेली आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं झालो. मला तर आनंदच झाला. आत्याच्या अंगाला वाळ्याचा वास यायचा. ती माझ्या दोन वेण्या घालून वर दुमडून बांधायची, लाल रिबिनीचं फूल असं काढायची की शाळा सुटेपर्यंत पाकळी हलायची नाही. आई वेणी घालायची तेव्हा डोळे ताणले जायचे. आत्या घालायची तेव्हा मला झोप यायची.

पण आई आणि आत्या. काय सांगू. भांडण म्हणावं असं मोठं काही नसायचं. आत्याने घासलेली भांडी आई पुन्हा विसळायची. आईने घडी घातलेलं पांघरूण आत्या उलगडून पुन्हा घडी घालायची. बोलायच्या गोड. "राहू द्या हो, मी करते." "नाही नाही, तुम्ही बसा, मी करते." त्या गोड बोलण्याने घरात असा ताण यायचा की बाबा जेवताना पाणीसुद्धा मागायचे नाहीत, कारण मग दोघी एकदम उठायच्या.

तो लढाईचा हिवाळा होता, एकाहत्तरचा. बाबा तोफांच्या सरकारी फॅक्टरीत चार्जमन होते, कामगारांवर देखरेख करायचे. त्यांची ड्यूटी बारा तासांची झाली होती. घरी यायचे तेव्हा कपड्यांना मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. तो वास मला अजून कुठे आला, एखाद्या गॅरेजसमोरून जाताना, तरी मी दोन पावलं थांबते. आम्ही मुलांनी खिडक्यांच्या काचांना खळीने तपकिरी कागद चिकटवले होते. त्या खळीला झुरळं लागायची. संध्याकाळ झाली की साऱ्या इस्टेटीत दिवे झाकले जायचे, सिगड्यांचा धूर खाली बसायचा, आणि दिवस सारा फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की आंघोळ नाही झाली तरी शाळेला पळायचं. आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते भोंग्यावर लावलं जायचं.

इस्टेटीतल्या साऱ्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. लोकर क्लबातून मिळायची, हिरवट रंगाची, टोचरी, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली. आमच्या घरात दोघी एकच स्वेटर विणायला बसल्या, लवकर व्हावा म्हणून. आईचा हात घट्ट, आत्याचा सैल. डावी बाही आईने केली, उजवी आत्याने. झाल्यावर बाबांनी घालून पाहिला. डावा हात कोपरात वाकेना आणि उजव्या हाताची बोटं बाहीतून दिसेनात. बाबा तसेच व्हरांड्यात जाऊन उभे राहिले आणि पेरूच्या झाडाकडे पाहत राहिले. मला वाटतं, त्याच वेळी त्यांच्या डोक्यात पिल्लं आली असावीत.

दोन दिवसांनी बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका होता आणि तो खोका चिवचिव करत होता.

"अहो, हे काय आणलं?" आईने विचारलं.

"पिल्लं. पन्नास."

"कोंबडीची?"

"हत्तीची असती तर खोक्यात मावली नसती."

आई कपाळाला हात लावून पायरीवर बसली. "आपल्या घरात कधी अंडं शिजलं नाही आणि तुम्ही कोंबड्या पाळून राहिले?"

"शिजवायचं कोणाला आहे? मोठ्या झाल्या की अंडी मिलिटरीच्या दवाखान्यात पाठवू. जखमी जवानांसाठी. स्वेटर तर साऱ्याच जणी देऊन राहिल्या." बाबांनी 'स्वेटर' हा शब्द फार जपून उच्चारला.

आत्या खोक्यावर वाकली होती. ती म्हणाली, "दादा, अंडी कधी देतात ह्या?"

"पाचेक महिन्यांनी."

"तोवर लढाई चालेल का?"

"लढाईचं मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "पिल्लं मात्र वाढतील."

मोठा लाकडी खोका होता आमच्याकडे, फॅक्टरीच्या लिलावात घेतलेला, बाजूंवर काळ्या रंगात आकडे छापलेला. त्यात आधी गोवऱ्या ठेवायचो. तो झाडून पुसून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवला, त्यात भुसा पसरला आणि उबेसाठी वरून बल्ब सोडला. पिल्लं बल्बखाली अशी दाटीवाटीने बसायची की नुसता पिवळा गोळा दिसायचा. ओल्या भुशाचा, कोमट पिसांचा आणि तांदळाच्या कणीचा मिळून एक वास होता. आईने पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला. चौथ्या दिवशी पाहते तर ती खोक्यात हात घालून एकेकाला कुरवाळत होती आणि मला पाहून म्हणाली, "मरून तर नाही ना राहिलं कोणी, ते पाहून राहिली मी."

ब्लॅकआउटची गंमत वेगळीच. समोरच्या क्वार्टरमधले दुबेजी आमच्या गल्लीचे वॉर्डन होते. संध्याकाळी शिटी वाजवत आले. "भाभीजी, आपके यहाँ से रोशनी आ रही है." आई म्हणाली, "भाईसाहब, वो हमारी नहीं, मुर्गियों की है." दुबेजींनी खोक्यात डोकावून पाहिलं, हात घालून ऊब पाहिली, आणि स्वतःच्या घरून घोंगडी आणून खोक्यावर टाकून गेले. पुढे रोज गस्तीवर निघण्याआधी ते पाच मिनिटं आमच्या खोक्यापाशी हात शेकायचे.

पिल्लं जिथून आणली त्या माणसाने बाबांना एक गोष्ट बजावली होती. बाबांनी ती जेवताना जशीच्या तशी हिंदीत सांगितली, त्यातलं 'खाली' म्हणजे रिकामं. "बाबूजी, इनको खाली मत बैठने देना. खाली बैठे कि एक-दूसरे को नोच डालेंगे." मग त्यांनी आईकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि वरणात लिंबू पिळलं. "फॅक्टरीत हेच आहे," ते म्हणाले. "माणूस मशीनवर रिकामा उभा राहिला की शेजारच्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. यांना ड्यूटी लावू."

आणि खरंच लावली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बाबांनी निळ्या शाईने चार्ट केला आणि खोक्यावर खिळ्याला टांगला. पहिल्या भोंग्याला भुशात कणी लपवायची, म्हणजे पिल्लं ती उकरत बसतील. ही ड्यूटी आईची. दुपारच्या भोंग्याला पालकाची जुडी सुतळीने वरून टांगायची, उडी मारल्याशिवाय चोच पोचणार नाही अशी. ही आत्याची. त्यासाठीच बाबांनी छताला ती कडी ठोकली. संध्याकाळच्या भोंग्याआधी वाळूचं ताट ठेवायचं, त्यात पिल्लं लोळतील. ही माझी. वाळू मी आणि आत्या रविवारी ग्वारीघाटावरून आणायचो, नर्मदेची, बारीक, मधूनमधून शिंपल्यांचे तुकडे चमकणारी. आत्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसायची. तिथे ती गुणगुणायची. घरी कधी गुणगुणत नसे.

पिल्लांना काम आवडलं. पालकासाठी उड्या मारताना एकमेकांच्या पाठीवर पडायची, पुन्हा उठायची, पानाचा तुकडा चोचीत आला की तो घेऊन पळायची आणि बाकीची मागे. मी शाळेतून आले की दप्तर न काढता तिथेच बसायचे. पण कामावर देखरेख करणाऱ्या दोघींचं काय? आत्याने जुडी बांधली की आई म्हणायची, फार वर बांधली, बिचारी पोचत नाहीत. आणि खाली करायची. आत्या म्हणायची, खाली बांधली तर दोन मिनिटांत संपते, मग काय करतील? आणि वर करायची. असं दोन-तीन दिवस पालक वरखाली झाल्यावर आई म्हणाली, "आपण वाटूनच घेऊ. पंचवीस तुमची, पंचवीस माझी. ज्याचं त्याने पाहावं."

खोक्याच्या मधोमध फळी टाकली. पण पिल्लांना पंख फुटत होते, ती चार दिवसांत फळीवरून इकडे तिकडे व्हायला लागली. मग कोणतं कोणाचं? आईने देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. "माझ्यांना मी कुंकू लावते. तुमची तशीच राहू द्या." आत्या म्हणाली, "तशीच काहून? मी हळद लावते." आता पिवळ्या पिल्लांना हळद लावून काय दिसणार, पण ते तिला कोण सांगणार. लावायचं काम माझ्याकडे आलं. मी डाव्या हातात पिल्लू धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाने टिळा लावायचे. कुंकवाचे पंचवीस, हळदीचे पंचवीस. तेल घालून कालवलेलं कुंकू, चांगलं लालभडक. मला फार छान वाटलं. लग्नाला निघालेली मंडळी दिसत होती ती.

दोन दिवसांनी आईच्या पिल्लांच्या डोक्यावरची पिसं जायला लागली. मग रक्त यायला लागलं. एकाचं तर सारं डोकं उघडं पडलं, त्याला मी टकली म्हणायचे, ती कोपऱ्यात चोच भुशात खुपसून उभी राहायची आणि कोणी जवळ आलं की अंग चोरायची. भुशात कणी होती, पालक टांगलेला होता, वाळू होती. तरी टोचणं थांबेना. आत्याच्या एकाही पिल्लाच्या डोक्याला काही नाही, आणि आईच्या आठ पिल्लांची डोकी रक्ताळलेली. आईने रोज सकाळी मोजावं आणि तोंड मिटून घ्यावं. तिने त्यांचा टिळा मात्र चुकवला नाही. पुसट झाला की मला हाक मारायची, पुन्हा लाव गं, नाहीतर ओळखू कशी येतील.

रेडिओवर लढाई थांबल्याची बातमी आली तो दिवस साऱ्या इस्टेटीने पेढे वाटून साजरा केला. दुबेजींनी खिडक्यांचे कागद स्वतःच्या हाताने फाडले. आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरची लढाई सुरू झाली. आई टकलीला ओंजळीत घेऊन स्वयंपाकघरात आली. आत्या पोळ्या लाटत होती.

"पाहा तुमच्या पिल्लांनी काय केलं."

"माझ्यांनी काहून? तुमची आपसात नाही का टोचत?"

"मग रक्त माझ्यांनाच काहून येऊन राहिलं?" आईचा आवाज चढला. आणि मग ती ते बोलली, जे बोलायचं नव्हतं. "तुम्ही जिथे जाता तिथे भांडणं घेऊन जाता, कुमुदताई. तिकडे सासरीही तेच, इकडेही तेच."

आत्याने लाटणं खाली ठेवलं. पुन्हा उचललं. उरलेल्या पोळ्या तिने नीट भाजल्या, तूप लावलं, ओटा पुसला. मग आईच्या खाटेखालून निळी ट्रंक ओढून काढली. ट्रंकेचा फरशीवरचा तो आवाज ऐकून मी दारात येऊन उभी राहिले. बाबा घरी आले तेव्हा ती साड्यांच्या घड्या घालत होती. उद्या छोट्या लाइनच्या गाडीने गोंदियाला, तिथून नागपूरला काकांकडे, तिने सांगितलं. बाबांनी डबा खाली ठेवला. "उद्या मला ड्यूटी आहे, पोचवायला येता नाही येणार," एवढंच म्हणाले. "एकटी आले होते, एकटी जाईन," आत्या म्हणाली. आई आत पाट मांडत होती. तिने ऐकलं, पण बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तरी आत्याने माझ्या वेण्या घातल्या. नव्या लाल रिबिनी काढल्या. आज तिने फार सावकाश घातल्या. मी दुसरी रिबीन मुठीत धरून बसले. मग ती चपला शोधायला गेली आणि मी पिल्लांच्या खोक्यापाशी जाऊन खोक्याच्या काठावर डोकं टेकलं. रडायला ती एकच जागा होती घरात.

डोक्याला हिसका बसला. पुन्हा बसला. मी पाहिलं तर पाच-सहा पिल्लं माझ्या रिबिनीला लोंबकळत होती. मी मान हलवली तरी सोडेनात. टांगलेला पालक तसाच होता, त्याच्याकडे कोणी पाहीना. दहा झाली, पंधरा झाली. हळदीचीही, कुंकवाचीही. सारी त्या लाल फुलावर तुटून पडली होती. मी वेणी ओढून घेतली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मला ते दिसलं. आत्याचं एक पिल्लू होतं, टिळा लावताना माझ्या हाताचं कुंकू त्याच्या पंखाला पुसलं गेलं होतं. त्याचं डोकं धड होतं. पंख मात्र टोचून टोचून सोललेला होता, बरोबर तिथेच.

मी पायरीकडे धावले. सायकलरिक्षा पायरीपाशी उभी होती, ट्रंक मागे सुतळीने बांधून झाली होती, आत्या एक पाय वर ठेवून होती. मी तिचा पदर धरला. "आत्या, तुझी पिल्लं भांडखोर नाहीत. कुंकू आहे ते. कुंकवामुळे होऊन राहिलं." तिला काही कळेना. आई ओल्या हातांनी बाहेर आली. मी आईला ओढत खोक्यापाशी नेलं, रिबीन सोडली आणि खोक्यात धरली. आईच्या डोळ्यांसमोर पन्नास पिल्लं त्या रिबिनीवर झेपावली. मी रिबीन उचलली. तर तिथेच उभ्या असलेल्या टकलीच्या टिळ्यावर तीन चोची एकदम पडल्या. त्यात दोन आईच्याच पिल्लांच्या होत्या.

आई तशीच उभी राहिली. तिच्या ओल्या हातातून पाणी गळत होतं. तिने करंड्याकडे पाहिलं, जो मी खोक्याच्या फळीवरच ठेवून दिला होता. मग ती पायरी उतरली. मला वाटलं आता ती आत्याला काहीतरी मोठं बोलेल, माफी वगैरे. आई रिक्षावाल्याला म्हणाली, "भैया, ट्रंक उतार दो." आणि आत्याकडे न पाहता म्हणाली, "कुमुदताई, पंचवीस पिल्लांची डोकी मी एकटीने कशी पुसू? मी पाणी कोमट करते. तुम्ही फडकं आणा."

आत्याचा पाय रिक्षावरच होता. ती म्हणाली, "तुमची पिल्लं, तुम्ही पुसा."

"बरं, माझी तर माझी. पण धरायला तर कोणी पाहिजे."

आत्याने एकदा ट्रंकेकडे पाहिलं. मग पाय खाली घेतला. आत जाताना तिने डोळे पुसले, आणि आईनेही पुसले, आणि दोघींनी एकमेकींना पाहिलं नाही असं दाखवलं. रिक्षावाल्याला चहा मिळाला. चहा झाल्यावर तोही मांडी घालून बसला आणि एकेक पिल्लू धरून द्यायला लागला. पाण्याने कुंकू जाईना, म्हणून खोबरेल लावलं. जखमांवर हळद लावली. मग आत्या म्हणाली, सगळ्यांनाच लावून टाकू, म्हणजे कोणाचं वेगळं दिसायला नको. दुपारच्या भोंग्यापर्यंत पन्नासही पिल्लं तेलकट पिवळी झाली होती आणि कोणती कोणाची हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आईने मधली फळी उचलून सिगडीत घातली.

संध्याकाळी बाबा आले. ट्रंक व्हरांड्यातच होती, तिच्यावर चार पिल्लं बसली होती. बाबांनी सायकल लावली, ट्रंकेकडे पाहिलं, वर कडीकडे पाहिलं. पालकाच्या जुडीशेजारी माझी लाल रिबीन टांगलेली होती आणि तिच्याखाली सारी फलटण उड्या मारत होती. "आज पालक बरोबर उंचीवर बांधला आहे," ते म्हणाले. "कोणी बांधला?" आतून दोन आवाज एकदम आले, "मी."

त्या रिबिनीने पुढे दोन महिने नोकरी केली. चिंध्या झाल्या की आत्या नवी टांगायची. भांडणं थांबली का? छे. पण आता ती कोंबड्यांवरून व्हायची, आणि कोंबड्यांवरच्या भांडणात कोणी ट्रंक काढत नाही. थंडी सरली, रस्त्याकडेचे पळस फुलले, कोंबड्या पेरूच्या झाडावर बसायला लागल्या. कडक उन्हात एका दुपारी टकलीने पहिलं अंडं दिलं. तिच्या डोक्यावर पीस शेवटपर्यंत आलं नाही, पण पहिला मान तिचाच. आई हरखली. नवी वस्तू घरात आली की आई तिला कुंकू लावायची, सायकल असो, रेडिओ असो. सवयीने तिने करंडा उघडला आणि आम्ही तिघं एका सुरात ओरडलो, "कुंकू नको." आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती तशी हसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

अंडी घेऊन आई आणि आत्या दर आठवड्याला मिलिटरी हॉस्पिटलला जायच्या. एका टोपलीचे दोन कान, एक हिने धरायचा, एक तिने. पुढे बाबा रिटायर झाल्यावर मी त्यांना विचारलं होतं की लढाई चालू असताना त्यांना अंड्यांचं काहून सुचलं. ते पेपर वाचत होते. "दवाखान्याला अंडी देणारे पुष्कळ होते," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

चौकीदार खाकरला. ऊन कलायला लागलं होतं. मी कडीकडे शेवटचं पाहिलं आणि निघाले. आता भोंगा वाजतो का, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं. येताना रस्त्यावर हातगाड्या मटारने भरलेल्या होत्या. डिसेंबरातला आमचा जबलपूरचा मटार, हिरवागार, शेंगा करकरीत. मी ऑटो थांबवला आणि पाच किलो मोजायला सांगितला. गाडीवाला म्हणाला, "अम्मा, बारात है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, घर में दो जन हैं. खाली बैठे रहते हैं."

घरात शिरले तर वाद चालूच होता. आईची बॅग पलंगावर उघडी होती. आत्या त्यात शाल ठेवून राहिली होती, आई ती काढून राहिली होती. "पुण्यात थंडी असते, वहिनी." "मला काय माहीत नाही का?" मी मटारची पिशवी घेऊन आत आले. दोघींच्या मध्ये जुनं वर्तमानपत्र पसरलं, पिशवी उलटी केली. हिरवा डोंगर झाला. दोन ताटं ठेवली. दोघींनी डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला वेडी ठरवलं आणि खाली बसायला जमत नाही म्हणून खुर्च्या ओढल्या. पहिली काही मिनिटं मटारवरून झालं, दाणे कोवळे की जून, एवढा कोण आणतं. मग हळूहळू बोलणं कमी झालं. शेंगा फुटल्याचा टकटक आवाज आणि दाणे ताटात पडल्याचा आवाज, एवढंच उरलं. कोवळ्या मटाराचा गोड वास खोलीभर झाला. मी दारात उभी राहून पाहत होते.

अर्धा डोंगर झाला असेल. आईने मान वर न करता मला म्हटलं, "माझं तिकीट परत करून टाक."

"काहून गं?"

आईने एक शेंग सोलली, दाणे मोजल्यासारखे पाहिले. "एवढा मटार कुमुदताई एकट्या कशा सोलतील?"

"मी सोलते एकटी," आत्या म्हणाली. "तुम्ही जा खुशाल." आणि आपल्या पुढ्यातल्या शेंगांची एक ओंजळ उचलून तिने आईच्या ताटात टाकली.